सर कुठे बसले होते?

लोखंडी पेटीचं झाकण उघडलं तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग कागद दिसले. वरोऱ्यात तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या आमच्या सरांची ती पेटी. सरांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा मुलगा ती ऑटोत घालून माझ्या घरी घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन लावायचं आहे. कोणतं चित्र कुठलं, एवढं प्रत्येकाखाली लिहून द्या. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, शिवाय इथल्याच." मी नागपूरला ए.टी.डी. करून गावी परतलेली, कितीतरी वर्षं ड्रॉइंगची बाई म्हणून काम केलेली. दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल, असं समजून हो म्हटलं. ते २०११ साल होतं. शेवटची चिठ्ठी लिहिली तेव्हा २०१४चा पावसाळा लागला होता.

पेटीत ११३ स्केचेस होती. सगळी कार्ट्रिज कागदावर, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची. बहुतेक मऊ पेन्सिलीची, काहींवर जलरंगाचा एखाद-दुसरा पातळ हात. सर रविवारी सायकल काढायचे. कॅरिअरला बारदान्याची घडी, हँडलला पाण्याचा डबा. जागा मनाला आली की बारदाना अंथरून बसायचे आणि तासाभरात उठायचे. घरी आल्यावर चित्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. आम्हा मुलांनाही तेच सांगायचे: बसल्या जागी झालं ते चित्र, बाकीची दुरुस्ती. एका स्केचवर पावसाचे थेंब पडून आकाश फुटलंय, तेही त्यांनी तसंच ठेवलं.

समोरच्या बाजूला सही नाही, गावाचं नाव नाही, साल नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने एवढंच: "पा. फा. ७॥" किंवा "म. चै. ५।". मुलाने यातले आकडे चित्रांचे अनुक्रमांक समजून एक यादीही करून ठेवली होती. ५। त्याने एक्कावन्न वाचलं होतं. आता शाळेत कुणी शिकवत नाही, पण एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५। म्हणजे सव्वापाच, ७॥ म्हणजे साडेसात. ही वेळ होती. फा. म्हणजे फाल्गुन, चै. म्हणजे चैत्र, हेही लगेच उलगडलं. राहिलं पहिलं अक्षर. ते गावाचं असणार, यात मला शंकाच वाटली नाही.

एडवर्ड लियर नावाचा इंग्रज चित्रकार १८७३ ते १८७५ हिंदुस्थानात फिरला. त्याच्या स्केचेसवर जागा, तारीख, वेळ आणि अनुक्रमांक असतो. कुठे कोणता रंग भरायचा तेही तो त्या त्या ठिकाणी शब्दांत लिहून ठेवायचा. हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात त्याच्या स्केचेसचा मोठा साठा आहे आणि अभ्यासकांना त्यांची जागा शोधायला फारसं रान तुडवावं लागत नाही. आमच्या सरांचा हिशेब निराळा होता. त्यांनी ही अक्षरं स्वतःसाठी लिहिली होती आणि त्यांना ती पुरेशी होती.

"पा." अक्षराची सात चित्रं निघाली. मी ती पाटाळ्याची ठरवली. वरोऱ्याहून वणीकडे जाताना पाटाळ्याला वर्धा नदी ओलांडावी लागते, आणि सायकलवाल्या चित्रकाराला नदीची ओढ असणारच. चित्रांत मात्र नदी नव्हती. दोन्हीकडे उंच धुरे, मधून खोल गेलेली वाट, बाभळी, सिंदीची दोन झाडं, एका चित्रात कापसाची बंडी. नदी वाटेच्या पलीकडे असेल, असं मी स्वतःलाच समजावलं आणि महिनाभर पाटाळ्याच्या दोन्ही काठांवर फिरले. तिथल्या वाटा पाहिल्या, फोटो काढले, घरी येऊन स्केचशेजारी ठेवले. जुळेना. तरी सातही चित्रांखाली "वर्धा नदीकाठ, पाटाळा" असं लिहून टाकलं. झाडं तुटली असतील, पुरात काठ बदलला असेल, असली कारणं हाताशी होतीच. या कामात सगळ्यात घातक हीच कारणं. जागा बदलली असेल असं म्हणायची मुभा घेतली की कोणतंही चित्र कुठलंही ठरवता येतं.

आमच्याकडे दूध घालणारे काका एका सकाळी दारात उभे होते. टेबलावरची चित्रं त्यांना दिसली. चरवी खाली ठेवून त्यांनी एक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.

"बाई, हे तं आपली पांदन होय ना जी. कॉलरीच्या मागची."

मी म्हटलं, काका, ही पाटाळ्याची आहे. सिंदीची झाडं बघा, तुमच्या पांदणीत आहेत का?

"झाडाचं काय घेऊन बसल्या तुमी. झाड आज आहे, उद्या नाई. हे वळन पाहा. बंडी सरळ जाऊन राह्यली अन् इथं येकदम डाव्या हाताला फिरून राह्यली. काहून फिरली? सामोर जमीन बसली आहे म्हनून."

वरोऱ्याला रेल्वे आली ती कोळशासाठी. १८७०च्या दशकात इथे सरकारी खाण सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून इथवर रूळ टाकले गेले. ते पुढे बल्लारपूरकडे गेले नंतर. १९०६ साली खाण बंद झाली. जमिनीखाली पोकळी राहिली आणि वर कुठे कुठे माती बसत गेली, असं गावात जुने लोक सांगतात. त्या बसक्या जागेला वळसा घालून बैलबंड्या जाऊ लागल्या, म्हणून वाटेला ते वळण. काकांनी चाळीस वर्षं त्या पांदणीतून म्हशी नेल्या होत्या. मी त्याच दिवशी चप्पल घालून त्यांच्यामागे गेले. सिंदी नव्हती. एका बाजूचा धुरा शेतात ओढला गेला होता. वळण मात्र होतं, आणि वळणाच्या अलीकडे बसायला चांगला उंचवटा होता. तिथे खाली बसले आणि पहिल्यांदा चित्र समोर जुळलं. उभं राहून जुळत नव्हतं. सरांच्या घरापासून ही जागा सायकलने दहा मिनिटांची.

"पा." म्हणजे पाटाळा नव्हे. पा. म्हणजे पांदण.

त्या रात्री मी सगळी अक्षरं पुन्हा काढून बसले. "म." मी वैनगंगेकाठचं देवळांचं मार्कंडा धरलं होतं, "वि." म्हणजे भद्रावतीचं विंजासन. म.च्या चित्रांत एकाही देवळाचा शेंडा नव्हता आणि वि.च्या चित्रांत लेणं नव्हतं, टेकडीही नव्हती. म. म्हणजे मोह. वि. म्हणजे विहीर. स्टे., पू., ओ.: स्टेशन, पूल, ओटा. समोर काय दिसतंय ते सरांनी लिहिलंच नव्हतं, कारण ते तर कागदावर होतंच. ते कुठे बसले होते ते लिहिलं होतं. मोहाखाली, विहिरीच्या काठावर, पांदणीत, ओट्यावर.

यानंतर माझ्या कामाची रीतच बदलली. चित्रातलं देऊळ, दरवाजा, झाड शोधत फिरणं सोडलं. सरांचा बारदाना कुठे अंथरला होता ते शोधू लागले. चित्रकलेच्या बाईला याचं एक साधन हाताशीच असतं, तेच मी वर्षानुवर्षं आठवीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवत आले होते: नेत्रपातळी. क्षितिजाची रेषा बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. सपाट जमिनीवर चित्रकार बसलेला असेल तर उभ्या माणसांची डोकी त्या रेषेच्या वर निघतात, जवळची असोत वा लांबची. चित्रकार उभा असेल तर डोकी रेषेला टेकतात. आणि सगळी डोकी रेषेच्या खाली असतील तर तो कशावर तरी चढून बसलाय. एवढ्या एका गोष्टीवर मी सगळी चित्रं तीन ढिगांत वेगळी केली. तिसऱ्या ढिगात पुलावरची आणि ओट्यावरची गेली. मागच्या अक्षरांशी ताडून पाहिलं तर दोन-तीन सोडता सगळी बरोबर.

दुसरं साधन सावली. इथे मी एकदा चांगलीच चुकले. भटाळ्याकडच्या एका जुन्या दगडी देवळाचं स्केच होतं, मागे "ज्ये. १२।". ज्येष्ठातली भर दुपार. बघणाऱ्याकडची भिंत सावलीत होती. दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, सावलीतली भिंत उत्तरेची, म्हणजे सर उत्तरेला बसले होते, असा सरळ हिशेब मी केला आणि तिकडून काही जुळेना. दोन खेपा फुकट गेल्या. मग लक्षात आलं की वरोरा वीस अंशांच्या थोडं वरच्या अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. या दोन टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो, मधल्या दोन महिन्यांत दक्षिणेची भिंत सावलीत. घड्याळात बारा वाजता तो माथ्यावर नसतोच, आपल्याकडे सव्वाबाराच्या सुमाराला येतो, आणि सरांनी १२। लिहून तेही सांगून ठेवलं होतं. देवळाच्या दक्षिणेला जाऊन बसले. पायरीचा तुटका कोपरा, मागचा खडक, सगळं जागच्या जागी.

याच सावलीने पुढे मोठं काम केलं. चंद्रपूरच्या परकोटाच्या एका दरवाजाचं सुरेख स्केच होतं, अक्षर "ओ.", महिना पौष, वेळ ५।. परकोटाला चार मोठे दरवाजे: उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. घडण एकाच धर्तीची, आणि सरांनी आजूबाजूचं काहीच घेतलेलं नाही, नुसती कमान आणि तिच्यावर पडलेलं ऊन. पौषात सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या बराच दक्षिणेला. त्या वेळी जटपुऱ्याच्या बाहेरच्या तोंडावर ऊन नसतं, अचलेश्वरच्याही नाही. पठाणपुऱ्यावर असतं, पण ते भिंतीला घासून जातं, प्रत्येक कंगोऱ्याची सावली लांब ओढली जाते. चित्रातल्या सावल्या आखूड होत्या, ऊन जवळजवळ समोरून येत होतं. उरला बिनबा. मी जानेवारीत संध्याकाळी चारही ठिकाणी जाऊन आले, एका संध्याकाळी एक दरवाजा. चौथ्या दिवशी बिनब्यासमोर सव्वापाचला ऊन आलं ते सरांच्या कागदावर होतं तसंच. एवढी खात्री मला दुसऱ्या कोणत्याच चित्राबद्दल वाटली नाही.

सालाचं कोडं वेगळं. एका स्केचमध्ये स्टेशनची पाटी आहे, "चांदा" एवढंच दिसतं, पुढचं कडुलिंबाच्या फांदीआड. जिल्ह्याचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४च्या सुमारास. मुलगा खूश झाला: म्हणजे चित्र त्याआधीचं! मीही तसंच लिहिणार होते. पण रुळांत एक गँगमन उभा होता आणि रूळ त्याच्या पायांना फारच जवळ होते, जरा फाकून उभा राहिला असता तर दोन्ही पाय दोन्ही रुळांवर पडले असते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटरचं अंतर असतं, गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट मार्गाच्या छोट्या गाडीच्या रुळांत ७६२ असायचं. म्हणजे हे चांदा फोर्ट. त्या स्टेशनाने जुनं नाव आजही सोडलेलं नाही, आणि छोटी गाडी तिथे १९९०च्या दशकापर्यंत धावत होती. त्यामुळे पाटीवरून साल काढणं बादच झालं. चिठ्ठीवर मी जागा लिहिली, साल लिहिलं नाही.

क्षितिजाचं मात्र काहीच करता आलं नाही. सरांच्या चित्रांत वरोऱ्याभोवतालचं क्षितिज सपाट आहे, झाडांची एक गडद ओळ, तिच्यावर आकाश. आज एकोन्याकडे, माजरीकडे पाहिलं की उघड्या खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत, मोहबाळ्याच्या एमआयडीसीकडे चिमण्या. शाळेतली पोरं त्या ढिगाऱ्यांना डोंगर म्हणूनच चित्रात काढतात, मागे सूर्यही काढतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, जन्मापासून तेच बघत आली. मी या भागातलं कोणतंही स्केच क्षितिजावरून ओळखायचं सोडून दिलं आणि पायाखालच्या उताराकडे बघायला लागले. काकांनी शिकवलं होतं तेच.

उताराने ओळखलेलं चित्र म्हणजे "वि. वै. ६॥।". वैशाख, सकाळी पावणेसात. खडकाळ उघडा माळ, विहिरीचा कठडा, लांबवर दोन बसकी छपरं आणि सगळीकडे नुसता उजेड. अशी उजाड जागा मी तालुकाभर शोधली. दरम्यान दुसऱ्याच कामाने आनंदवनात गेले होते, पिशवीत ही चित्रं होती. तिथल्या एका जुन्या रहिवाशांना दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला नाही, टेबलावर ठेवायला सांगितला आणि वाकून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हे इथलंच आहे बाई. तुम्ही आत्ता उभ्या आहात त्याच्या खालच्या अंगाला."

मला पटेना. आनंदवन म्हणजे आम्हा वरोरेकरांना झाडी. बाबा आमट्यांनी १९४९मध्ये काम उभं केलं आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं, ते खडकाळ पडीक जमिनीवर, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण ऐकलेलं आणि डोळ्यांपुढचं यात फार अंतर असतं. त्यांनी मला बरोबर नेलं. सावकाश चालत होते. झाडांतून एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "पाणी टाकून पाहा. कुणीकडं वाहते ते." मी बाटलीतलं पाणी ओतलं. ते डावीकडे गेलं. चित्रातला खडकही डावीकडेच उतरत होता. विहीर होती, कठडा नंतर बांधलेला. मी तिच्या काठाशी बसले. समोर छपरं दिसायची तिथे झाडांची भिंत होती, पण जमिनीचा उतार, मधला खडकाचा उंचवटा आणि विहिरीचं अंतर हे तिन्ही मिळत होते. ते रहिवासी शेजारी उभे होते. त्यांना कागदापेक्षा माझ्या चेहऱ्यात जास्त रस होता, मला पटतंय की नाही ते बघत होते. चिठ्ठीवर मी "विहिरीजवळ, आनंदवन" लिहिलं आणि खाली "आनंदवनातील एका ज्येष्ठ रहिवाशांनी ओळखली" असंही. ते नाव लावू नका म्हणाले, म्हणून लावलं नाही.

मधल्या एका मे महिन्यात मी कोल्हापूरला जाऊन आले, केवळ आबालाल रहिमानांसाठी. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा मोठा चित्रकार १९३१ साली गेला. कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहायचा, तळी, घाट, झाडी जागेवर बसून रंगवायचा. महाराज १९२२मध्ये गेल्यावर त्याने आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. त्याच्या जागा अजून सापडतात, कारण त्या पाण्याच्या काठच्या आहेत. रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो, उन्हाळ्यात उघडा पडतो. त्यामुळे रंकाळ्याच्या कोणत्याही चित्रात मठ किती बुडालाय यावरून ऋतू कळतो. मी रंकाळ्याच्या काठी मठ उघडा असताना बसले आणि मनात आलं, आमच्याकडे असं मोजमाप कुठलं? वैनगंगेची वाळू. मार्कंड्याच्या दोन स्केचेसमध्ये काठापासून पाण्यापर्यंत वाळूचा पट्टा वेगवेगळ्या रुंदीचा होता. परत आल्यावर त्यांचे महिने ताडून पाहिले: एक मार्गशीर्ष, एक वैशाख. बरोबर.

जागा सापडली तरी चित्र तिथलं जसंच्या तसं असतं, असं नाही. हे मला पांदणीच्याच चित्रांनी शिकवलं. एकाच महिन्याची, एकाच जागेवरून, पाऊण तासाच्या अंतराने काढलेली दोन स्केचेस. पहिल्यात बाभूळ वाटेच्या उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. सरांनी ती उचलून पलीकडे ठेवली होती, कारण दुसऱ्या चित्रात उजवीकडे बंडी आली होती आणि तोल जात होता. हा चित्रकाराचा हक्कच आहे. फ्रान्समध्ये सेझाननं रंगवलेल्या जागांवर जाऊन अर्ल लोरन यांनी फोटो काढले आणि १९४३च्या पुस्तकात चित्राशेजारी छापले. सेझाननं डोंगर कसा जवळ ओढला, रस्ता कसा उभा केला, ते शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं. जागा सापडली म्हणूनच हे दिसतं. चित्रकाराने काय पाहिलं आणि काय केलं, यातलं अंतर मोजायला त्याची बैठक आधी ठाऊक हवी. मला या सगळ्या खटाटोपाचं मोल यातच वाटतं. सरांची बाभूळ जागची हलली हे मला कळलं, आणि ती का हलली हेही, तेव्हा मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा कॉम्पोझिशन शिकले. शाळेत असताना त्यांनी हे सांगितलं असेल, पण तेव्हा ते मनावर उमटलं नव्हतं.

हे अंतर लक्षात ठेवायचा एक प्रसंग प्रदर्शनात आला. शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस चित्रं लावली होती. चंद्रपूरच्या दरवाजापुढे लोक थांबत आणि पुढे जात. पांदणीच्या सात चित्रांपुढे मात्र गर्दी हलेना. कुणाचं वावर कुठलं, धुऱ्यावरचं बोराचं झाड कुणाचं, यावर बोलणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, या चित्रात पांदन दोन बंड्या जातीन येवढी आहे. आता येक बंडी जात नाई. शेजाऱ्यानं दाबली. तुमी या चित्राची कॉपी द्या अन् खाली सही करून द्या का हे तिथलंच आहे."

माझ्या मनात आलं, द्यावी. पांदण बुजत चालली आहे, पावसाळ्यात त्यांचा माल वावरातच अडकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी सही दिली नाही. म्हटलं, "दादा, जागा तिथलीच आहे, हे मी कुठंही सांगीन. पण वाट एवढीच रुंद होती, हे मी नाही सांगू शकत. सरांनी बाभूळ हलवली आहे, वाट रुंद केली नसेल कशावरून?" त्यांना वाईट वाटलं. त्यांना मी गाव नकाशा काढायला सांगितला, त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, आणि तहसीलच्या अर्जाचा मसुदा लिहून दिला. चित्राची प्रतही दिली, सहीशिवाय. घरी लावतो म्हणाले.

पुढे २०२०मध्ये एक बातमी वाचली. व्हॅन गॉगचं अखेरचं मानलं जाणारं झाडांच्या मुळांचं चित्र कुठे काढलं होतं, ते व्हाउटर फान डेर फेन या अभ्यासकाने लॉकडाऊनमध्ये घरी बसल्या बसल्या शोधलं. ऑव्हेर गावाच्या रस्त्याचं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक पोस्टकार्ड होतं, त्यात रस्त्याकडेच्या उतारावर तीच मुळं दिसत होती. ती जागा व्हॅन गॉग राहत होता त्या खाणावळीपासून दीडशे मीटरवर निघाली. एवढी वर्षं जगभरचे लोक त्याच रस्त्याने येत-जात होते. मला लगेच काकांची चरवी आठवली.

११३पैकी ९४ जागा सापडल्या. १९ सापडल्या नाहीत. त्यांच्या चिठ्ठीवर "जागा ओळखलेली नाही" असं लिहिलं. मुलगा म्हणाला, "ताई, अंदाजे तरी लिहा, रिकामं बरं दिसत नाही." मी ऐकलं नाही. पाटाळ्याच्या सात चिठ्ठ्या मी स्वतः फाडल्या होत्या. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढच्या माणसाला शोधूच देत नाही, रिकामी चिठ्ठी निदान विचारते तरी. प्रदर्शनानंतर त्या १९पैकी एक ओळखलं गेलं, एका निवृत्त पोस्टमनने ओळखलं. अठरा अजून पेटीत वेगळ्या पाकिटात आहेत आणि वरोरा, भद्रावती, चिमूरकडची म्हातारी माणसं घरी आली की मी ते पाकीट काढते. ही माणसं आता कमी होत चालली आहेत.

तुमच्या घरी कुणा मास्तरांची, काकांची, आजोबांची अशी जागेवर बसून काढलेली चित्रं असतील तर ती ज्यांना आठवतात ती माणसं हयात आहेत तोवर त्यांच्यापुढे ठेवा. ते सांगतील ते मागच्या बाजूला लिहा: गाव, चित्रकार कुठे बसला होता ती जागा, महिना, वेळ आणि कुणी सांगितलं त्याचं नाव. लिहायला मऊ पेन्सिल घ्या. शाई पुढच्या बाजूला उतरते आणि बॉलपेनचा दाब चित्रावर उमटतो.